विचार घ्यावा आणि माणूस सोडून द्यावा, हे जमतं का?

वाचनवेडी
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, कारण प्रश्न नेमका मांडायचा आहे.

नाशिकच्या गंगापूर रोडला आमचा एक छोटा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, एक पुस्तक घेतो आणि त्यावर मनसोक्त भांडतो. यंदा तत्त्वज्ञ घ्यायचे ठरले. मी रूसोचं 'एमिल' सुचवलं. १७६२ सालचं पुस्तक, मूल कसं वाढवावं यावरचं. मुलाकडे लहान आकाराचा मोठा माणूस म्हणून बघू नका, त्याला त्याच्या वयानं वाढू द्या, हे आज शाळेच्या माहितीपत्रकातसुद्धा असतं. तेव्हा असं लिहिणं धाडसाचं होतं. पॅरिस आणि जिनिव्हा, दोन्हीकडे हे पुस्तक जाळलं गेलं.

गटातल्या एक बाई ठाम 'नाही' म्हणाल्या. त्यांची सगळी नोकरी बालगृहात गेली. त्या म्हणाल्या, "स्वतःची पाच लेकरं ज्यानं जन्मताच अनाथालयात सोडली, त्यानं मला मूल वाढवायला शिकवू नये." लगेच एक काका म्हणाले की हा नियम लावला तर आपलं कपाट रिकामं होईल.

विचार वेगळा आणि माणूस वेगळा, असं मी आजवर मानत आले. पण त्या बाईंपुढे हे वाक्य तोंडातून निघेना. मतं तर हवीच आहेत, पण तुम्ही प्रत्यक्षात काय करता तेही सांगा. आवडत्या विचारवंताचं असं काही कळलं की पुस्तक ठेवता की काढून टाकता?

सातपूरकर
मी कपाटवाल्या काकांच्या बाजूनं. माझी हयात एमआयडीसीत गेली. लेथ यंत्रावरून जॉब, म्हणजे तयार भाग, उतरला की माप तपासायचा गेज लावायचा. बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. ऑपरेटर घरी कसा वागतो हे गेजला विचारायचं नसतं. विचाराचंही तेच. पुराव्याला टिकतो का, अनुभवाला पटतो का, एवढं बघा. बाळाला बाळोत्यात करकचून बांधू नका, आईनं स्वतः अंगावर पाजावं, हे रूसोनं लिहिलं. तो नालायक बाप होता म्हणून ते खोटं ठरलं का?

पंचवटी_एक्सप्रेस
जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरसाहेबांना या धाग्यात पहिल्या वर्गाचं तिकीट द्या. करुणा हाच नीतीचा पाया, असं सांगणारा माणूस. १८२१ मध्ये बर्लिनला राहत्या घराच्या दाराशी आवाज करते म्हणून शिवणकाम करणाऱ्या एका शेजारणीला यानं ढकललं. ती पडली, जायबंदी झाली, खटला चालला आणि कोर्टानं हयातभर तिला पैसे द्यायला लावले. बाई पुढं वीसेक वर्षं जगल्या. त्या वारल्या तेव्हा यानं लॅटिनमध्ये टिपून ठेवलं : म्हातारी गेली, ओझं गेलं.
आणि कुत्र्याचं नाव काय? आत्मा. उपनिषदांचा भक्त ना! कुत्र्यावर मात्र जिवापाड माया.

गोदाकाठ
@पंचवटी_एक्सप्रेस, गाडीत मोठ्यानं हसलो, समोरचे काका बघायला लागले. त्यानं बायकांवर लिहिलेला निबंध वाचलात का? १८५१ चा. शेजारणीला ढकलणं ही एक दिवसाची घटना म्हणून सोडता येईल, पण तो निबंध सवडीनं लिहिलेला आहे. मला तो जास्त खटकतो.

मास्तरीणबाई
सातपूरकरदादा, गेजचं उदाहरण गणिताला चपखल बसतं. 'एमिल'ला लावून पाहू.

रूसोचं प्रकरण नीट माहीत असावं म्हणून लिहिते. थेरेझ लव्हासर ही कपडे धुण्या-शिवण्याचं काम करणारी मुलगी, त्याची आयुष्यभराची साथीदार. तिला पाच मुलं झाली आणि पाचही पॅरिसच्या अनाथालयात गेली. अशा संस्थांत तेव्हा मुलं पटापट दगावत, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. थेरेझला हे मान्य नव्हतं. ती रडतकढत तयार झाली, असं त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. पहिल्या मुलाच्या कपड्यांत खुणेची चिठ्ठी ठेवली होती. पुढच्या मुलांच्या वेळी तेवढंही केलं नाही. १७६१ मध्ये एका उमराव बाईंनी त्या खुणेवरून मोठ्या मुलाचा शोध घेतला. सापडलं नाही.

आणि त्याच सुमारास तो 'एमिल' पुरं करत होता. पहिल्याच भागात म्हणतो की बापाची कर्तव्यं ज्याला निभावता येत नाहीत त्याला बाप व्हायचा हक्क नाही. गरिबी, काम, लोकलाज, काहीही सबब चालणार नाही. जो हे टाळेल तो पुढं रडेल. हे वाचताना कळतं की माणूस स्वतःबद्दल लिहितोय. त्या पानाचा अर्थ त्याच्या पाच मुलांना बाजूला ठेवून लागतच नाही. मग विचार इकडे आणि माणूस तिकडे, अशी फाळणी कशी करायची?

मी तीस-पस्तीस वर्षं शिकवलं. डी.एड.ला रूसो परीक्षेपुरता होता : निसर्गवाद, चार मुद्दे, पाच गुण. थेरेझचं नाव कुठल्याही नोट्समध्ये नव्हतं. माझी तक्रार त्याबद्दल आहे. पुस्तकावर बंदी नको, पण बाईचं नाव पुसून विचार शिकवू नका.

सातपूरकर
मास्तरीणबाई, खुणेच्या चिठ्ठीचं माहीत नव्हतं. वाचून बेचैन झालो. तरी विचारतो, पहिल्या भागातलं ते वाक्य खरं आहे की खोटं? खरं असेल तर मी घेतलं. लिहिणाऱ्यानं पाळलं नाही, हा त्याचा गुन्हा.

तत्त्वबोध
मी तत्त्वज्ञानात एम. ए. करतोय, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच आहे. दोन माणसं शेजारी ठेवतो.

गॉटलोब फ्रेगे. आधुनिक तर्कशास्त्राचा पाया घालणारा. १९२४ च्या त्याच्या रोजनिशीत ज्यूंबद्दल अतिशय वाईट मजकूर आहे. तो वाचून मला किळस आली, पण त्याच्या तर्कशास्त्राचं एक चिन्हही बदलावं लागत नाही. तिथं सातपूरकरांचा गेज शंभर टक्के चालतो.

आता जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर. 'अस्तित्व आणि काळ' १९२७ चं. त्यात सगळा भर खरेपणानं जगण्यावर, गर्दीत वाहवत न जाण्यावर. एप्रिल १९३३ मध्ये हा फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १ मे रोजी नाझी पक्षात गेला आणि १९४५ पर्यंत सभासद राहिला. हे पुस्तक त्यानं ज्यांना अर्पण केलं होतं ते त्याचे गुरू हुसर्ल जन्मानं ज्यू होते. १९४१ च्या आवृत्तीतून अर्पणपत्रिका गायब. युद्धानंतर तीस वर्षं जगला, पण सरळ शब्दांत माफी मागितली नाही. त्याच्या खासगी वह्या २०१४ पासून छापून येऊ लागल्या आणि ज्यूद्वेष तत्त्वज्ञानाच्या भाषेत लिहिलेला निघाला. तेव्हा 'ती तात्पुरती चूक होती' हा बचाव संपला.

म्हणून मी असं बघतो : दोष विचारात मुरलाय का? फ्रेगेमध्ये नाही. हायडेगरमध्ये मुरलाय, त्यामुळे प्रत्येक पान पुन्हा तपासावं लागतं. वाचणं सोडलं नाही मी. पूर्वी मान डोलवत वाचायचो, ते मात्र सोडलं.

रूसोबद्दल एक भर. 'एमिल'च्या पाचव्या भागात सोफी येते, एमिलची होणारी बायको. तिचं शिक्षण कशासाठी? पुरुषाला आवडावं, त्याचं जगणं गोड करावं. स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका मेरी वोलस्टनक्राफ्टनं १७९२ मध्ये यावर कडाडून टीका केली. थेरेझला रडवणारा माणूस आणि सोफीला घडवणारा लेखक वेगळे आहेत, असं मला तरी वाटत नाही. पाच मुलांची गोष्ट कुणालाच कळली नसती, तरी सोफीचा भाग सदोषच ठरला असता.

सातपूरकर
हे मात्र माझ्याच बाजूचं झालं. विचारातला दोष वाचूनच सापडला की. चरित्र लागलं नाही.

तत्त्वबोध
सापडला खरा, पण कुणाला? वोलस्टनक्राफ्टला. तिच्याआधी शेकडो विद्वान पुरुष तो भाग वाचून पुढं गेले. चरित्र माहीत असलं की कुठं बोट ठेवून वाचायचं ते कळतं.

निफाडचा_नाना
द्राक्षाची छाटणी चालू आहे, दिवसभर बागेत असतो, त्यामुळे उशिरा आलो. पण हा विषय थेट आमच्या गावात येऊन थांबतो म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. जन्म निफाड, १८ जानेवारी १८४२. विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी. १८७३ मध्ये त्यांची पहिली बायको वारली तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. सुधारकांना वाटलं, आता हे विधवेशी लग्न करून दाखवणार. वडिलांना हीच भीती होती. त्यांनी घाईनं ११ वर्षांची मुलगी बघितली. रानड्यांनी आधी विरोध केला, मग वडिलांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. लग्न झालं. सनातनी हसले, सुधारक खाली मान घालून बसले.

त्या मुलीचं नाव रमाबाई. रानड्यांनी तिला लग्नानंतर लगेच लिहायला-वाचायला शिकवायला घेतलं, पुढं इंग्रजीही. घरातल्या बायकांनी शिकते म्हणून तिला किती छळलं ते तिनं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवलंय. १९१० चं पुस्तक. रानड्यांची बदली आपल्या नाशिकला झाली होती, ते दिवसही त्यात आहेत. नवरा गेल्यावर ती खचून बसली नाही, १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था उभी केली.

आता मला सांगा, काय म्हणायचं? ११ वर्षांच्या पोरीशी लग्न केलं हे वाईटच. कुठलंही शिक्षण, कुठलंही सेवासदन ते धुऊन काढत नाही. पण आपण ते वाईट कशावरून म्हणतो? रानड्यांनी आणि त्यांच्या बरोबरच्यांनी बालविवाहाविरुद्ध जे रान उठवलं त्याच्याच जोरावर. त्यांचा विचार बरोबर होता म्हणूनच त्यांचं वागणं आज दोषी ठरतं. विचार फेकून दिला तर त्यांना दोष द्यायला आपल्या हातात उरतं काय?

रूसोचंही मला तसंच दिसतं. त्या बाई ज्या मापानं त्याला मोजतात, त्यातलं काही माप त्याच्याच पुस्तकातून आलंय.

वाचनवेडी
नानाकाका, हे मी गटात जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. रमाबाईंच्या 'आठवणी' सार्वजनिक वाचनालयात (सावानात) मिळतील ना? उद्याच बघते.

मास्तरीणबाई
नाना, फार नेमकं लिहिलंत. पंचहौद मिशनच्या चहाचंही सांगायला हवं. १८९० मध्ये पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून गदारोळ झाला आणि रानड्यांनी पुढं प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंना ते किती लागलं हे त्यांच्या लिखाणात दिसतं. त्यांनी नवऱ्याची पूजाही केली आणि हे सगळं लिहूनही ठेवलं.

येवलेकर
नाना, तुमच्या शेवटच्या दोन परिच्छेदांशी सहमत. पण या चर्चेत पुढं हमखास येणारी एक पळवाट आधीच बंद करतो : 'त्या काळी तसंच होतं.'

१८७३ याच वर्षी, २४ सप्टेंबरला, त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. जोतीरावांनी १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. एका ब्राह्मण विधवेचं मूल दत्तक घेतलं, यशवंत. सावित्रीबाईंसकट सगळं घर त्या विचारानं चाललं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं आणि गावाचा बहिष्कार सोसला. म्हणजे त्या काळात दुसरा रस्ता होता. काहींनी तो धरला आणि त्याची किंमत मोजली. रानड्यांनी धरला नाही आणि किंमत एका ११ वर्षांच्या मुलीनं मोजली.

तरीही रानडे टाकून देऊ नयेत, आणि हे सांगायला मी बाबासाहेबांकडे जातो. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला त्यांनी 'रानडे, गांधी आणि जीना' हे भाषण केलं. त्यात ते रानड्यांना मोठा माणूस म्हणतात, त्यांच्या राजकारणाच्या मर्यादाही सांगतात आणि व्यक्तिपूजेवर आसूड ओढतात. मूर्तिपूजा आपल्याला मान्य नाही, हे ते लपवत नाहीत. पुढं २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत तर स्पष्टच बजावलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. मोठेपणाही मान्य करायचा आणि आरतीही करायची नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

मी येवल्याचा. बाबासाहेबांच्या १३ ऑक्टोबर १९३५ च्या धर्मांतराच्या घोषणेचं गाव. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि माझे वडील त्या फोटोखाली बसून बाबासाहेबांच्या आर्थिक विचारांवर वाद घालायचे. कुणी रागावलं तर म्हणायचे, "वाचून वाद घालतोय, न वाचता हार घालत नाही."

पंचवटी_एक्सप्रेस
येवलेकर, वडिलांना नमस्कार सांगा. असं बोलणारा माणूस वसंत व्याख्यानमालेत हवा. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात किती वक्ते ऐकले, पण प्रश्नोत्तरांत लोक बहुधा 'आपण फार छान बोललात' एवढंच म्हणतात.

गोदाकाठ
व्याख्यानमालेचं नाव काढलंत म्हणून. उन्हाळ्यात संध्याकाळी घाटावर वारा सुटलाय, खुर्च्या भरल्यात, मागं काठावर लोक उभे. त्यांतल्या निम्म्यांना वक्त्याचं एकही पुस्तक माहीत नसतं, तरी येतात. नाशिककरांना ऐकायला आवडतं. म्हणूनच वक्ता कसा आहे हे महत्त्वाचं होतं, कारण पुस्तक बाजूला राहतं आणि आवाज लक्षात राहतो.

संपादक_मंडळ
व्याख्यानमालेवर वेगळा धागा काढावा, जरूर भर टाकू. इथं विषयावर राहू या. हयात राजकीय व्यक्ती कृपया आणू नयेत.

सुनंदा_सिडको
गोदाकाठ म्हणाले तोच धागा पकडते. आवाज लक्षात राहतो. आमच्या घरात तो आवाज ओशोंचा होता.

माझे थोरले मामा १९८० च्या आसपास पुण्याला कोरेगाव पार्कात, ओशोंच्या आश्रमात जाऊ लागले. हुशार माणूस, सरकारी नोकरी. घरी टेपरेकॉर्डरवर प्रवचनं लागायची. मी शाळेत होते, मलाही ती आवडायची, खोटं कशाला सांगू? कबीर, बुद्ध, मीरा, सगळे पहिल्यांदा तिथं ऐकले. भीतीपोटी देवाला हात जोडू नका, हे पटायचं. मामांनी हळूहळू घर सोडलं. नोकरी सोडली. मामींनी देवळालीला डबे करून दोन पोरं मोठी केली. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा, सहाला डबे भरून तयार. मामा वर्षातून एकदा मरून रंगाच्या चोग्यात यायचे आणि मामींना सांगायचे, तू फार बांधलेली आहेस.

ओशोंची नोंद सगळ्यांना उपलब्ध आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला शहर वसवलं. १९८४ मध्ये तिथल्या द डॅलेस गावात हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळला गेला, ७५१ माणसं आजारी पडली. स्थानिक निवडणुकीत मतदारांना घरी बसवायचा डाव होता. गुन्हा ओशोंच्या सचिव शीला आणि इतर साथीदारांवर सिद्ध झाला, ओशोंवर नाही. त्यांनी सगळं शीलांवर ढकललं. स्वतः ते इमिग्रेशनच्या गुन्ह्यात दोषी ठरले, ४ लाख डॉलर दंड भरून १९८५ मध्ये देश सोडला. ९० च्या वर रोल्स-रॉइस गाड्या होत्या.

तत्त्वबोध विचारतात, दोष विचारात मुरलाय का? माझ्या मते इथं मुरलाय. 'प्रत्येक बंधन खोटं' असं शिकवलं की जबाबदारीसुद्धा बंधनातच जमा होते. मग खाली कुणी काय करतंय याची विचारपूस कोण करणार? कबीरावरची ती प्रवचनं आजही सुंदर वाटतात. मी ऐकत नाही. ऐकायला घेतलं की मामींचा स्टोव्ह आठवतो.

निफाडचा_नाना
सुनंदाताई, मामींना माझा दंडवत.

देवळाली_कॅम्प
सुनंदाताईंच्या दुःखाबद्दल आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. माझ्या आईला ओशोंच्या पुस्तकांनी व्रतवैकल्यांच्या धाकातून बाहेर काढलं. ती ना आश्रमात गेली ना चोगा घातला. चार पुस्तकं वाचली आणि सोवळं सोडलं. विधवा होती, पहिल्यांदा हळदीकुंकवाला स्वतःहून गेली. ओरेगॉनचं कळलं तेव्हा म्हणाली, "त्याचं तो बघेल, माझं सुटलं ते सुटलं." तिनं तेवढंच घेतलं. ते खरं नव्हतं असं कसं म्हणू?

सुनंदा_सिडको
@देवळाली_कॅम्प, खरंच होतं. तुमच्या आईंना ते पुस्तकातून मिळालं, माणसाच्या मागं जावं लागलं नाही. आमच्या घरातला माणूस गेला. म्हणून आपल्या दोघांचं उत्तर एक होणार नाही, आणि होऊ नये.

अनामिका_नाशिक
सगळे मेलेल्यांबद्दल बोलताय. जिवंतांचं बोलू या.

मी ज्या विभागात संशोधन करत होते तिथले एक प्राध्यापक नीतिशास्त्र शिकवायचे. जर्मन तत्त्वज्ञ कांट त्यांच्याइतका कुणी समजावून दिला नाही मला. माणसाला साधन म्हणून वापरू नका, हे सांगताना वर्ग स्तब्ध व्हायचा. आणि हेच गृहस्थ विद्यार्थ्यांकडून स्वतःचे लेख लिहून घ्यायचे, नाव फक्त स्वतःचं. मुलींना सहीसाठी संध्याकाळी घरी बोलवायचे. मी तक्रार केली. सगळ्यांनी एकच सांगितलं, "अगं पण विद्वान आहेत." मी पीएच.डी. सोडली.

विद्वत्ता हीच त्यांची ढाल होती. 'विचार वेगळा, माणूस वेगळा' हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं ते सगळे त्यांना वाचवत होते. म्हणून या वाक्याची मला चीड आहे. कांटवर माझा राग नाही, कांट मी अजून वाचते. पण हयात माणसाला व्यासपीठ, सही, पुरस्कार देताना त्याचं वागणं बघितलंच पाहिजे, कारण ती सत्ता उद्या कुणावर तरी चालणार असते.

मास्तरीणबाई
अनामिका, तक्रार केलीस हे फार मोठं काम केलंस. संशोधन पुन्हा सुरू करायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप कर, मार्गदर्शकासाठी एक-दोन चांगली माणसं माहीत आहेत.

सातपूरकर
अनामिकाताई, शॉपमध्ये असा सुपरवायझर असता तर मी स्वतः युनियनकडे गेलो असतो. गेज जॉबसाठी असतो, माणसाला मोकळं सोडायला नाही. पुस्तक पास होणं वेगळं आणि माणसाला खुर्ची देणं वेगळं, हे माझ्या बाजूनं स्पष्ट करून ठेवतो. प्राध्यापक कांट बरोबरच सांगत होते, आणि त्याच कांटच्या आधारानं त्यांना घरी बसवायला हवं होतं.

गोदाकाठ
गांधींचं कुणी काढलं नाही म्हणून काढतो, भांडणासाठी नाही. बंगालमधल्या नोआखालीत दंगलीनंतर राहिले त्या दिवसांत त्यांनी ब्रह्मचर्याचे जे प्रयोग केले त्यावर त्यांचे दुभाषी आणि सचिव निर्मलकुमार बोस यांनी तोंडावर हरकत घेतली. बोसांचा मुद्दा गांधींना काय वाटतं हा नव्हता, त्या प्रयोगात ओढल्या गेलेल्या मुलींच्या मनाचं काय, हा होता. १९४७ मध्ये ते काम सोडून गेले. नंतर पुस्तक लिहिलं, त्यात नोआखालीत अनवाणी चालणारे गांधीही आहेत आणि हा आक्षेपही. मला असा जवळचा माणूस सगळ्यात विश्वासाचा वाटतो. कुणाचं चरित्र वाचायचं तर असं.

तत्त्वबोध
थेरेझ, रमाबाई, सुनंदाताईंच्या मामी, त्या संशोधक विद्यार्थिनी, नोआखालीतल्या मुली. प्रत्येक वेळी खर्च दुसऱ्याच कुणीतरी केलाय, आणि तो कुणी हिशेबात धरला नाही. प्राचीन रोमच्या सेनेका या तत्त्वज्ञावर आरोप होता की साधेपणा शिकवतो आणि गडगंज श्रीमंत आहे. त्यानं उत्तर दिलं की मी सद्गुणाबद्दल बोलतोय, स्वतःबद्दल नाही. हल्ली रील्सवर त्याची वाक्यं धो धो वाहतात. पूर्वी हे उत्तर मला प्रामाणिक वाटायचं. हा धागा वाचल्यावर त्याच्या इस्टेटीवर राबणाऱ्या गुलामांना ते कसं वाटलं असतं, असा प्रश्न पडला.

वाचनवेडी
आमची बैठक झाली. काय झालं ते सांगते.

नानाकाकांचा आणि येवलेकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. सुनंदाताई आणि अनामिकांचा त्यांना विचारून सांगितला. ज्या बाईंनी नकार दिला होता त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी वाचायला तयार आहे, पण सुरुवात मी करणार." त्यांनी 'एमिल' उघडायच्या आधी अनाथालयात सोडलेल्या मुलांचं काय होतं यावर बोलायचं ठरवलंय. पॅरिसचं जेवढं मिळेल तेवढं, आणि त्यांनी स्वतः पाहिलेलं. मूल आलं की पहिल्या रात्री काय होतं, अंगावरचे कपडे बदलायला का नकार देतं, नाव माहीत नसेल तर रजिस्टरमध्ये काय लिहितात, हे त्यांनी तिथंच थोडं सांगितलं. खुणेची चिठ्ठी ऐकून म्हणाल्या, आमच्याकडे एका पोरीच्या मुठीत बांगडीचा तुकडा होता, तो आम्ही पाकिटात घालून तिच्या फायलीला लावला होता.

कपाटवाले काका अजून त्यांच्या मतावर ठाम आहेत. म्हणाले, ऐकेन सगळं, पण पुस्तकाचा निकाल पुस्तकावरच लावेन. बाई म्हणाल्या, लावा की.

पुढच्या महिन्यात 'एमिल'चा पहिला भाग आणि मास्तरीणबाईंनी सांगितलेला आत्मचरित्रातला भाग एकत्र. नंतर पाचवा भाग आणि वोलस्टनक्राफ्ट. त्यानंतर रमाबाईंच्या 'आठवणी'.

तत्त्वबोध
वोलस्टनक्राफ्ट मी मांडू का? बाहेरच्यांना चालत असेल तर.

वाचनवेडी
चालेल, या. पत्ता व्यक्तिगत निरोपानं पाठवते.

येवलेकर
'आठवणीं'च्या वेळी जोतीरावांचं १८८५ चं पत्रही ठेवा. रानड्यांनी मराठी ग्रंथकार सभेला बोलावलं तेव्हा आपण का येत नाही ते त्यांनी लिहून कळवलं होतं. दोघं एकाच टेबलावर येऊ देत.

निफाडचा_नाना
त्या बैठकीला मी निफाडहून येतो. छाटणी तोवर उरकलेली असेल. 'आठवणीं'ची एक जुनी प्रत माझ्याकडे आहे, पानं सुटलीत पण सगळी आहेत.

सातपूरकर
मीही येतो. काकांच्या शेजारची खुर्ची ठेवा.